बंगल्याखालचं गॅरेज आगीच्या दृष्टीनं कसं तपासायचं? सांगलीत हे कुणाकडून करून घेता येतं?

शंभरफुटी:
नमस्कार मंडळी. विश्रामबागला आईबाबांचा जुना बंगला आहे. खाली शटरचं गॅरेज आणि गॅरेजमधूनच स्वयंपाकघरात जायचा दरवाजा. मी पुण्यात असते, अधूनमधून येणं होतं. यावेळी गॅरेजमध्ये काय काय आहे ते जरा निवांत बघितलं आणि खरं सांगते धास्तीच घेतली. पेट्रोलची कार, बाबांची जुनी स्कूटर, भावाची नवीन इलेक्ट्रिक स्कूटर, तिचं चार्जिंग एक्स्टेंशन बोर्डावर, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याच्यावर रद्दीचे गठ्ठे, भरलेला जादा सिलिंडर, रंगाचे अर्धे डबे, टर्पेंटाइनची बाटली, गवत कापायच्या मशिनसाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल, आणि या सगळ्याच्या मधोमध सकाळी पेटवायचा बंब! हो, तांब्याचा, चिपाडं घालून.

बाबांचं म्हणणं, इतकी वर्षं काही झालं नाही, तू पुण्याहून येऊन आम्हाला शिकवू नको. भांडण नकोय. पण नेमकं काय काय तपासायचं, आधी काय हलवायचं, आणि असं तपासून देणारा कुणी माणूस सांगलीत मिळतो का? अनुभव असेल तर सांगा.

भडंगप्रेमी:
एवढं सगळं असताना कार आत शिरते कुठून तेवढं सांगा आधी, आमची तर कायम रस्त्यावर असते 😀

मिरजमावशी:
बंबाला नावं ठेवू नका बाई. गिझरच्या पाण्याला ती ऊब नाही. आमच्याकडं अजून बंबच आहे, मात्र मागच्या अंगणात, पत्र्याखाली.

ओमचा_नियम:
कुपवाडला पॅनेल वायरिंगची कामं करतो, त्यामुळं विजेपुरतं बोलतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

ताई, पहिल्यांदा ते एक्स्टेंशन काढा. गॅरेजात बांधकामाच्या वेळी एक बल्ब आणि एक पाच अँपिअरचा प्लग दिलेला असतोय, त्याला बोर्ड, बोर्डाला स्कूटर, त्याच बोर्डाला गाडी धुवायचा पंप. स्कूटरचा चार्जर करंट फार खात नाही पण तासन् तास खातो, आणि सॉकेटची पकड सैल झाली असली की उष्णता नेमकी त्या सांध्यात साठत जाते. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगच्या टोपीला उलटा हात लावून बघा. कोमट असेल तर चालतंय, हात ठेववत नसेल तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसला तरी तेच. नवीन पॉइंट करताना मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि सोळा अँपिअरचं चांगलं सॉकेट. उद्या कार पण इलेक्ट्रिक घेणार असाल तर आत्ताच चार स्क्वेअर एमएमची वायर ओढून ठेवा, कारण कारचा घरगुती चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास घेतो आणि रात्रभर घेतो.

दुसरं, एमसीबी कितीची आहे ते बघा. सारखी पडते म्हणून कुणीतरी १० ची काढून ३२ ची बसवलेली असते, आणि मग 'आता पडत नाही बघा' म्हणून सगळे खूश. एमसीबी वायर वाचवायला असते हो! मागं दीड एमएमची जुनी वायर असेल तर ३२ ची एमसीबी पडायच्या आधी वायर भिंतीतच भाजून निघेल.

तिसरं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरची. असेल तर तिचं टेस्ट बटण दाबा, दाबल्यावर पडायलाच पाहिजे. नाही पडली तर ती नुसती शोभेची आहे. आणि आरसीसीबी आहे म्हणून ओव्हरलोडची काळजी नाही असं समजू नका, ती फक्त गळती ओळखते.

बुलेटवाला:
एवढं कशाला, इलेक्ट्रिक स्कूटर विकून टाका, निम्मं टेन्शन जाईल. त्या गाड्या उभ्या उभ्या पेटतात, व्हिडिओ बघितले नाहीत का.

चार्जिंग_चालू:
@बुलेटवाला दादा, त्याच गॅरेजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल आहे आणि शेजारी बंब पेटतोय, आणि तुम्हाला दिसली काय तर स्कूटर. कमाल आहे.

बुलेटवाला:
पेट्रोलला काडी लावल्याशिवाय काय होत नाही.

जर्सीतला_सांगलीकर:
काडी लावायलाच लागते असं नाही दादा, तिथंच गोम आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती फरशीवरून पसरत जाते आणि कोपऱ्यात साठते. पेट्रोल उणे चाळीसच्या आसपासच्या तापमानालासुद्धा पेटण्याएवढी वाफ सोडतं, मग सांगलीच्या मे महिन्यात काय होत असेल विचार करा. विस्तव बाटलीपासून लांब असला तरी वाफ तिथपर्यंत जाते आणि आग उलटी बाटलीकडं येते.

आता इथलं सांगतो. मी मूळ गावभागातला, सध्या न्यू जर्सीत. इथं घर घेताना होम इन्स्पेक्टर बोलवायची पद्धत आहे, तो दोन-तीन तास घर तपासतो आणि फोटोसकट रिपोर्ट देतो, गॅरेजचं त्यात वेगळं पान असतं. आमच्या वेळी मी त्याच्या मागं मागं फिरलो. बहुतेक नियम घराला चिकटलेल्या गॅरेजचेच आहेत. गॅस किंवा तेलावर चालणारा गिझर गॅरेजात असेल तर त्याची ठिणगी पडायची जागा फरशीपासून १८ इंच वर पाहिजे, कारण तेच, वाफ खाली असते. म्हणजे शंभरफुटी ताई, तुमचा बंब या नियमात पहिल्या पानावरच नापास.

गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीवर अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड. मधला दरवाजा भरीव लाकडाचा किंवा लोखंडी, नाहीतर वीस मिनिटं आग सोसेल असा, आणि बऱ्याच ठिकाणी तो आपोआप बंद होणारा लागतो. गॅरेजमधून थेट झोपायच्या खोलीत दरवाजा काढायला तर परवानगीच नाही. राज्याराज्यात थोडा फरक आहे पण गाभा हाच. वर जाणारं ऑटोमॅटिक शटर असेल तर इन्स्पेक्टर खाली एक लाकडाची फळी आडवी ठेवतो, शटर फळीला टेकून उलटं वर गेलं पाहिजे. १९९३ पासून इथं अशी सोय नसलेली मशिन विकता येत नाहीत, त्याआधी लहान मुलं चेंगरून गेलेली आहेत.

तुमच्याकडं स्वयंपाकघराच्या दरवाजावर जाळी किंवा झरोका आहे का ते बघा. जुन्या बंगल्यांमध्ये हमखास असतो. धूर पहिल्यांदा तिथून आत येणार.

कृष्णाकाठ:
जर्सीतलं सगळं छान आहे पण तिथं कृष्णामाई घरात येते का? 😏 इथं गॅरेज म्हणजे पूर आला की पहिली पाण्यात जाणारी खोली. कर्नाळ रोडला आमचं घर, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ ला परत तेच. दोन्ही वेळा गॅरेजमधलं बोर्ड पूर्ण बुडालं. पाणी उतरल्यावर लोकांनी काय केलं तर बोर्ड उघडून उन्हात वाळवलं, हेअर ड्रायर मारला आणि परत चालू. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट वाळवून चालत नाहीत, बदलायलाच लागतात. आत गाळ बसतो, पितळ हिरवं पडतं, आणि मग दोन वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात चट्ट करून जळतंय. तेव्हा कुणाला पूर आठवत नाही, सगळे म्हणतात शॉर्टसर्किट झालं.

आम्ही बोर्ड आणि चार्जिंगचा पॉइंट पुराच्या खुणेच्या वर सरकवला. मीटर सरकवायचं असेल तर महावितरणला अर्ज करायला लागतो, आपल्या आपण सील तोडू नका.

जर्सीतला_सांगलीकर:
@कृष्णाकाठ येतं हो पाणी, २०१२ ला सँडी वादळात इथल्या किनाऱ्याची दैना झाली होती. समुद्राचं खारं पाणी, म्हणजे वायरिंगचं अजून वाटोळं. बाकी बोर्डाबद्दल शंभर टक्के सहमत.

ओमचा_नियम:
कृष्णाकाठ यांना +१. आणि अर्थिंगचा खड्डा पण बघा, पुरानंतर पट्टी गंजून तुटलेली असते आणि वरून काहीच कळत नाही. कार घेताय तर मीटर लावून अर्थिंग मोजून घ्या.

मिरजमावशी:
पुरात सिलिंडर वाहून जातात ते कसं हो? एवढा जड, भरलेला पण जातो म्हणतात.

फळा_आणि_खडू:
मावशी, भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा, आत १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड. पण आकारमान असं की तो पस्तीस लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. म्हणजे वजन कमी, पाण्याचा रेटा जास्त, तरंगणारच. म्हणून पुराच्या भागात सिलिंडर वरच्या मजल्यावर न्यावा, रेग्युलेटर काढून टोपी लावून. बेसमेंट किंवा खड्ड्यासारख्या जागेत तर तो एरवीही ठेवू नये, कारण हा गॅस पण हवेपेक्षा दीड-दोन पट जड. गळाला की खालीच साचतो, वर खिडकी उघडून काही उपयोग नाही, खाली मोकळं पाहिजे.

शंभरफुटी ताई, तो जादा सिलिंडर गॅरेजमधून हलवा, उभा ठेवा, आडवा नको. आणि त्याच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि दोन आकडे असतात, ती पुढच्या चाचणीची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. उलटून गेली असेल तर एजन्सीला परत द्या. नारिंगी नळीवर पण तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला, दिसायला कितीही चांगली असली तरी.

तासगावकर_बाग:
आमच्या शेडात गाडी एक आणि औषधं पन्नास, अशी गत हाय. द्राक्षाची बाग म्हटल्यावर काय करणार, गंधक पावडर, मोरचूद, चुना, तेरा झिरो पंचेचाळीस खताच्या बॅगा, वरनं पॉवर स्प्रेचं पेट्रोल. गंधक पेटतंय का हो सर? भाऊ म्हणतो दगडच हाय त्यो, काय व्हत न्हाय.

फळा_आणि_खडू:
पेटतंय की! निळसर ज्योत येते, दिवसा तर नीट दिसतही नाही, आणि जो धूर येतो तो सल्फर डायऑक्साइड, डोळे आणि छाती धरून बसायची वेळ येते. बेदाण्याला धुरी देता ना, तोच. शिवाय गंधकाची बारीक धूळ हवेत उडालेली असताना ठिणगी पडली तर भडका उडू शकतो, म्हणून बंद शेडात पोती झटकू नका.

पण तुमच्या यादीत मला जास्त काळजी तेरा झिरो पंचेचाळीसची वाटते. ते पोटॅशियम नायट्रेट आहे. स्वतः पेटत नाही पण पेटलेल्याला ऑक्सिजन पुरवतं, म्हणजे वाळू-माती टाकून हवा तोडली तरी आग विझत नाही. गंधक आणि ते एका भिंतीला अजिबात नको. दोन्हीमध्ये चांगलं अंतर, शक्यतो वेगळी खोली, फळ्यांवर, कोरडं. फुटलेल्या बॅगांमधलं सांडलेलं एकत्र झाडून एकाच डब्यात भरायची सवय असते ना गड्यांना, ती पहिली बंद करा. ब्लीचिंग पावडरचंही तसंच, ती तेल-पेट्रोलच्या आणि गंधकाच्या आसपास नको.

तासगावकर_बाग:
आयला! आमची एकावर एक रचल्याली हायत. उद्याच गड्यास्नी लावतो.

भडंगप्रेमी:
आज रात्री गाडी बाहेर लावा मालक.

बुलेटवाला:
सगळे पेट्रोलच्या मागं लागले. पेट्रोल घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे का? नाही ना?

निवृत्त_सेफ्टीवाला:
बंदी नाही, मर्यादा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण भांडं घट्ट झाकणाचं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली त्यात कुठं बसत नाही. आणि कायदा सोडा, घरात नातवंडं येतात, ती बाटली कुणीतरी तोंडाला लावेल ही भीती मला आगीपेक्षा मोठी वाटते. गवताच्या मशिनला लागतं तेवढंच आणा आणि संपवा, किंवा मशिन विजेचं घ्या.

मी कारखान्यात सेफ्टी खात्यात होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडं एक शिस्त होती, तपासणीला जाताना आधी यादी करायची नाही. आधी दारात उभं राहून विचारायचं, आत्ता इथं आग लागली तर माणूस बाहेर कुठून पडेल? मग उलट चालत यायचं. बहुतेक घरांत याचं उत्तरच नसतं. खाली गॅरेज, गॅरेजला लागून जिना, वर सगळ्या खिडक्यांना गज, गच्चीच्या दाराला कुलूप, पुढच्या कोलॅप्सिबल गेटला कुलूप आणि किल्ली खाली दाराजवळच्या खिळ्याला. खाली काही पेटलं तर जिना धुराडं होतो, आणि माणसं भाजून नाही, धुरानं गुदमरून जातात. म्हणून एक किल्ली वर झोपायच्या खोलीत, एक गच्चीच्या दाराजवळ. खर्च शून्य. आणि एका खिडकीचे गज आतून उघडतील असे करून घ्या, फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं की करून देतो.

शंभरफुटी, बाबांना यादी दाखवू नका. त्यांना विचारा, रात्री दोनला खाली धूर झाला तर आईला घेऊन कुठून उतरणार.

शंभरफुटी:
काका, हे फार पटलं. किल्ली खालीच असते, खिळ्याला, तुम्ही घर बघितलंय का आमचं 🙂 आणि जर्सीवाल्या दादांना: हो, दरवाजावर झरोका आहे, जाळीचा. दरवाजा साधा फ्लश डोअरचा, आणि तो कायम दगड लावून उघडा ठेवलेला असतो, मांजराला ये-जा करायला.

मिरजमावशी:
मांजराचं काहीतरी वेगळं करा पण ते दार लावा बाई.

वखारभाग_सेक्रेटरी:
बंगलेवाल्यांचं बरं आहे, स्वतःचं स्वतः ठरवता येतं. आमची अपार्टमेंट, खाली पार्किंग, मीटरची सगळी पेटी जिन्याला लागून. त्या पेटीसमोर कुणाची जुनी सायकल, कुणाचा सोफा, कुणाचे गणपतीचे थर्माकोलचे मखर, आणि परवा एकानं गादी आणून ठेवली. हलवा म्हटलं की 'सेक्रेटरी फार शहाणा झालाय'. वर आता तिघांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्या, चौथ्या मजल्यावरून वायर खाली सोडून चार्जिंग. मी म्हटलं कॉमन पॉइंट करू, तर ज्यांच्याकडं गाडी नाही ते म्हणतात बिल आम्ही का भरायचं. मीटिंगमध्ये एवढी आरडाओरड झाली की चहा गार झाला.

चार्जिंग_चालू:
@वखारभाग_सेक्रेटरी वेगळं मीटर घ्या, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळा वीजदर आहे, त्याखाली कनेक्शन मिळतं. प्रत्येक पॉइंटला छोटा सबमीटर लावायचा, ज्याचं त्यानं भरायचं. जिन्यापासून आणि मीटरच्या पेटीपासून लांबच्या भिंतीला लावा पॉइंट, उघड्या बाजूला. चौथ्या मजल्यावरून सोडलेली वायर बंदच करा, ती ग्रिलच्या कडेवर घासते आणि सोलून निघते.

आणि @बुलेटवाला, तुमच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटायच्या घटना झाल्या, त्यानंतरच बॅटरीचे नियम कडक झाले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्यामुळं त्याआधीचं मॉडेल असेल तर जरा जास्त लक्ष ठेवा. लांबून तापवून आणली की लगेच चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. चार्जर कंपनीचाच. पडली असेल, बॅटरी फुगली असेल, पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर चार्ज करायचीच नाही, सरळ सर्व्हिस सेंटर. आणि बाहेर पडायच्या वाटेवर कधीच उभी करू नका.

बुलेटवाला:
चला, निम्मं तरी मान्य केलंत.

कॉलेज_कॉर्नर:
लिथियमची बॅटरी पेटली तर ते लाल सिलिंडरवालं फायर एक्स्टिंग्विशर चालतं का?

निवृत्त_सेफ्टीवाला:
आजूबाजूचं पेटलेलं विझेल, बॅटरी आतून तापतच राहते आणि परत पेट घेते. त्याला भरपूर पाणी लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं. आपण मेन स्विचपर्यंत सुरक्षित जाता आलं तर वीज बंद करायची, सगळ्यांना बाहेर काढायचं, मधलं दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२.

बाकीच्या आगींसाठी एबीसी पावडरचं चार किंवा सहा किलोचं घ्या. आणि ते गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात टांगू नका, तिथंच आग असली तर आणणार कसं? दाराच्या बाहेर किंवा घराच्या बाजूला लावा. काटा हिरव्यात आहे का महिन्यातून एकदा बघा. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही तर बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडं फिरवायची. जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतं, म्हणून पाठ बाहेरच्या दाराकडं ठेवून उभं राहायचं. तेवढ्यात नाही विझली तर निघायचं.

@वखारभाग_सेक्रेटरी, तुमच्या इमारतीला कायद्यानं अग्निशमन यंत्रणा लागत असेल तर २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून. तो कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा, गादी आपोआप हलते.

वखारभाग_सेक्रेटरी:
गादी ज्यांची आहे ते इथं वाचत असतील तर मी काही बोललो नाही.

सुतारपक्षी:
कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. फर्निचरचं काम काढलं की पॉलिशवाले गॅरेजात बसतात. बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकतात आणि घरी जातात. ते तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात उष्णता अडकते आणि काडी न लावता काही तासांत पेटू शकतं. त्या चिंध्या सुट्या पसरून बाहेर वाळत घालायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, रंधा नंतर.

मिरजमावशी:
बाई गं. हे पहिल्यांदाच ऐकलं.

कृष्णाकाठ:
उंदीर-घुशी पण धरा यादीत. गव्हाची पोती गॅरेजात, पोत्यांना उंदीर, उंदरांना वायर. कारच्या बॉनेटखाली बघा एकदा, ऊस तुटायला लागला की सगळे रानातून घराकडं येतात.

ओमचा_नियम:
इन्व्हर्टरचं राहिलंच. ताई, तो रद्दीचा गठ्ठा आजच काढा. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हवेपेक्षा खूप हलका, वर जातो. जिन्याखालच्या बंद खणात वरच्या कोपऱ्यात साठतो आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. खणाला वर जाळी पाहिजे. पेट्रोलसाठी खाली मोकळं, बॅटरीसाठी वर मोकळं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशी दिसली तर साफ करून घट्ट करून घ्या, पण आधी इन्व्हर्टर बंद.

जर्सीतला_सांगलीकर:
अजून एक, थंडीत शटर खाली ओढून गाडी गरम करत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, झोप येते आणि माणसाला वाटतं दमलो असेन. गॅरेजला लागून स्वयंपाकघर आहे म्हणजे ते घरातही शिरणार.

शंभरफुटी:
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतेय. काकांचा प्रश्न बाबांना विचारला. पहिल्यांदा म्हणाले 'उगं काहीतरी', मग संध्याकाळी स्वतःच किल्ली वर घेऊन गेले आणि गच्चीच्या दाराची कडी तेल घालून मोकळी केली. बंबावर मात्र अडलंय. तो आजोबांचा, हलवायचा नाही म्हणतात. मूळ प्रश्न अजून तसाच आहे, हे सगळं एकत्र बघून देणारा कुणी मिळेल का, की मी तुकड्यातुकड्यात करून घेऊ?

ओमचा_नियम:
तुकड्यातच करून घ्या. वायरिंग आणि अर्थिंगला लायसन्स असलेला वीज ठेकेदार बोलवा, नुसता ओळखीचा वायरमन नको, आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून मागा. गॅसला एजन्सीचा मेकॅनिक. एक्स्टिंग्विशर जिथून घ्याल तोच दरवर्षी येऊन बघून जातो. बाकीचं घरच्यांनीच.

निवृत्त_सेफ्टीवाला:
बरोबर. क्रम मी असा ठेवेन: पेट्रोलची बाटली आणि बंब एकमेकांपासून आजच तोडा. मग रद्दी आणि सिलिंडर. मग मधलं दार, झरोका सिमेंटनं बुजवून दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर. चार्जिंगचा पॉइंट त्याच आठवड्यात. रंगाचे डबे लोखंडी कपाटात, टर्पेंटाइन फार लागत नसेल तर घरात नकोच.

मिरजमावशी:
बंब अंगणात न्या की! आजोबांचा बंब अंगणात ठेवला तर आजोबा काय रागावणार नाहीत. पत्र्याला दोन खांब लागतील फक्त, आणि पाणी तेवढंच गरम होतं.

शंभरफुटी:
मावशी, हे मी सुचवते त्यांना, तुमचं नाव सांगून.

कॉलेज_कॉर्नर:
थोडं अवांतर, घराच्या विम्यात गॅरेजमधली गाडी धरतात का?

वखारभाग_सेक्रेटरी:
नाही, गाडीला गाडीचाच विमा, आणि तोही कॉम्प्रिहेन्सिव्ह पाहिजे, नुसत्या थर्ड पार्टीत आगीचं काही मिळत नाही. घराला भारत गृह रक्षा म्हणून पॉलिसी आहे, एप्रिल २०२१ पासून, त्यात आग आणि पूर दोन्ही येतं. अर्ज करताना गॅरेज, कंपाउंड वॉल वगैरे धरलंय का ते विचारून घ्या.

कॉलेज_कॉर्नर:
ओके धन्यवाद. आमची थर्ड पार्टीच आहे, उद्या एजंटला फोन करतो.

तासगावकर_बाग:
गंधक हलवलं सर. बॅगा भावाच्या शेडात, गंधक आमच्यात. आता भाऊ म्हणतोय माझ्याच शेडात का.